टोचलं नव्हतं तिथंही हो म्हणालो

"डोळे मिटा. मी टाचणी टोचली की त्या जागी बोट ठेवा," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटले. मिशनचे डॉक्टर महिन्यातून एकदा उमरग्याला येत आणि धर्मशाळेच्या ओसरीत टेबल मांडून बसत. त्या दिवशी माझा नंबर शेवटचा लागला होता. मी जनावरांचा दलाल. समोरच्याच्या श्वासावरून तो अजून किती ताणणार हे मला कळायचं. डोळे मिटले तरी डॉक्टरांच्या खळ दिलेल्या बाहीची सळसळ ऐकू येत होती आणि पापण्यांवरून त्यांची सावली कुठं सरकते तेही समजत होतं. त्या अंदाजानं मी बोट ठेवत गेलो. इथं. इथं. आता इथं. माझ्या मते एकही चुकलं नव्हतं.

"डोळे उघडा, याकोबराव."

उघडले. टाचणी टेबलावर पडलेली होती.

"शेवटच्या तीन वेळा मी टोचलंच नव्हतं," ते म्हणाले. "तरी तुम्ही हो म्हणालात."

मग त्यांनी माझ्या उघड्या डोळ्यांसमोर करंगळीखालच्या मांसात टाचणी खुपसली. रक्ताचा थेंब आला. मी त्याच्याकडं दुसऱ्याच्या हाताकडं पाहावं तसा पाहत राहिलो. याला ॲनेस्थेसिया म्हणतात, म्हणजे बधिरपणा. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नर्व्ह नावाची शीर असते, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची जाण तिच्याकडून येते. डॉक्टरांनी माझंच बोट त्या शिरेवर फिरवलं. सुतळीसारखी जाड लागली. माझ्या बापानं जन्मभर बैलांचे दोर वळले, त्यामुळं सुतळी मला अंधारातही ओळखता येते. पायाच्या शिरेचंही तेच झालं होतं.

"लेप्रसी," डॉक्टर म्हणाले. आमच्याकडं त्याला महारोग म्हणत, म्हाताऱ्या बाया रगतपिती म्हणत.

मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल?"

"तीन वर्षं. कदाचित पाच."

"वर्षात करा."

"याकोबराव, हा बाजार नाही."

"दीड वर्ष," मी म्हणालो. आज आठवलं की हसू येतं. त्या दिवशी मात्र मला खरंच वाटत होतं की जोर लावला तर ते खाली येतील.

ज्यांना हे दुखणं झालं आहे, किंवा झालंय असा संशय आहे आणि दाखवायची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. मी फार शिकलेला नाही. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्या शिदोरीवर लिहितो.

ते दिवस निजामाच्या राज्याचे होते. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती वस्ती गावाबाहेर, ओढ्याकडेला. बापानं बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं विहीर खुली केली नाही. पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. मी मात्र बैल पारखायला शिकलो, दलाल झालो, आणि उमरग्याच्या बाजारात तेच लोक माझा हात धरू लागले. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची जितकी बोटं दाबली तितका आकडा. उपरण्याखालची शिवाशिव कुणाला दिसत नसे. माझी सगळी इज्जत त्या एका उजव्या हातात होती, असं म्हटलं तरी चालेल.

तोच हात आधी गेला, आणि गेलेला मला कळला नाही.

निदानाच्या वर्षभर आधीची गोष्ट. बसप्पा हा सीमेकडचा लिंगायत व्यापारी. त्याची बैलजोडी मी विकायला घेतली. उपरण्याखाली त्यानं माझी चार बोटं दाबली, म्हणजे चारशेच्या खाली द्यायची नाही. मला दोनच लागली. मी अडीचशेला सौदा तोडला, म्हणजे पक्का केला, आणि खूश होऊन त्याच्याकडं वळलो, तर तो उडालाच.

"एनप्पा हे! चार बोटं दाबली की रे तम्मा!"

"दोन दाबलीस. आता भाव वाढला म्हणून पलटी खातोस व्हय?"

उपरण्याखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो आणि दलालानं तोडलेला सौदा मोडत नाही. बसप्पानं जोडी दिली. जाताना एवढंच म्हणाला, "देव बघतोय, तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी त्याला बाजारभर खोटारडा म्हणत फिरलो. एकदा नव्हे, वर्षभर.

दुसरी खूण आमच्या प्रार्थनाघरातच दिसली. सुगीच्या सणाला आमच्याकडं प्रत्येक घर शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणतं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि मग पंगत. लिलाव पुकारायचा मान माझा. त्या वर्षी पंगतीसाठी वरणाचं पातेलं चुलीवरून मीच उतरवलं. थोड्या वेळानं शांतवन मास्तर जवळ आले. ते वस्तीतल्या शाळेचे मास्तर आणि मंडळीचे पंच. हळूच म्हणाले, "याकोबराव, हात केवढा भाजलाय तुमचा. कळलं न्हाय?"

पाहिलं तर तळहाताची कड फोडांनी भरली होती.

"उमरग्याला डॉक्टर येतात. एकदा दाखवा," ते म्हणाले.

मी ओरडलो. वस्तीतच नव्हे, ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा. "मला महारोगी म्हणता? ज्यानं या घराची कौलं आणली त्याला?" बायको रूथ माझी बाही ओढत होती. मी पंगतीतून उठलो तो पुन्हा त्या दारात गेलो नाही. महिनाभरात गावात कुजबुज सुरू झाली, लोक मला टाळू लागले. मी ठरवून टाकलं की हे काम मास्तरांचं. हा राग मी पाच वर्षं जपला.

पायाला जखम झाली आणि चालणं अडलं तेव्हा नाइलाजानं डॉक्टरांसमोर बसलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

मिशनचं कुष्ठधाम सोलापूरच्या बाजूला, इंग्रजी मुलखात होतं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं गाठोडं उसकटलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाचून हात धोतराला पुसले. मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो, पण पाय उचलत नव्हता. मास्तरांनाच मनात शिव्या दिल्या.

तिथले दिवस सगळे सारखेच. पहिल्या आठवड्यात स्किन स्मिअर झाला. कानाची पाळी चिमटीत धरून बारीक चीर देतात आणि त्यातला रस काचेवर घेऊन दुर्बिणीखाली रोगाचे जंतू शोधतात. मग दर आठवड्याला कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं. तेल जाड, सुई जाड, एका वेळी पंचवीस-तीस ठिकाणी कातडीत टोचायचे. जिथं कळत नव्हतं तिथं काही नाही, पण जिथं कळत होतं तिथं जीव जायचा. कधी गळवं व्हायची, कधी रिॲक्शन यायची. रिॲक्शन म्हणजे औषध चालू असतानाच ताप येऊन चट्टे लाल होतात, सुजतात. पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, थांबायचं." थांबायचं हा शब्द मी तिथं इतक्यांदा ऐकला की नंतर त्याचा राग यायचाही कंटाळा आला. सकाळी बाकावर बसायचं, दुपारी खाटेवर पडायचं आणि भिंतीवरचं ऊन सरकताना बघायचं.

त्या कुष्ठधामात एक रीत होती. दिवस मावळायच्या आत सगळे रोगी ओट्यावर जोडीजोडीनं बसत. एकानं दुसऱ्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि तळवा निरखायचा. कळत नाही त्या पायात काटा जातो, खडा रुततो आणि माणूस चालतच राहतो. मग ट्रॉफिक अल्सर होतो, म्हणजे न दुखणारी जखम, जी न दुखल्यामुळंच वाढत जाते. आपला तळवा आपल्याला धड दिसत नाही, म्हणून दुसऱ्यानं बघायचा.

माझ्या जोडीला निवृत्ती होता, परंड्याकडचा शेतकरी. बोटं झडली होती, पण जीभ शाबूत. मी त्याचे पाय उत्तम बघायचो. बैलाचे खूर पारखणाऱ्याला त्यात काय अवघड? पण माझा पाय मी देत नसे. "मी सकाळीच बघितला," म्हणायचो.

निवृत्ती म्हणायचा, "दलाल, माझे खूर फुकट बघतोस. तुझे दाखवायला काय दाम पडतंय का?"

"माझा पाय ठीक हाय."

"बाजारात मेलेला बैलबी ठीकच असतोय तुमच्यात."

सगळा ओटा हसायचा. मी हसत नसे. वस्तीतल्या माणसाचा पाय कुणी मांडीवर घेत नाही, हे मी लहानपणी शिकलो होतो. शिवाय दाखवणं म्हणजे गरज कबूल करणं, आणि गरज कबूल केली की भाव पडतो. बाजारात हे खरंच आहे.

दुसऱ्या वर्षी विहिरीकडं जाताना बाभळीचा काटा माझ्या पायाच्या बोटांखाली रुतला. मला अर्थातच कळलं नाही. संध्याकाळी फडक्यावर डाग दिसला, तरी मी पाय लपवला. पुढचे पंधरा दिवस तेच. मग वास आला तेव्हा निवृत्तीनं न विचारता माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि डॉक्टरांना हाक मारली.

पू हाडापर्यंत गेला होता. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, हाडच सडायला लागतं. पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर चिडले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "काटा काढायला दोन मिनिटं लागली असती."

एवढंच म्हणाले.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. दरवेळी मी मनात घंगाळं घेऊन बसलेल्याच्या जागी असायचो. आपण मोठ्या मनानं खाली वाकलोय, असं. पाय पुढं करून बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. बरा होऊन ओट्यावर परत गेलो त्या दिवशी काही न बोलता पाय निवृत्तीच्या मांडीवर ठेवला. त्याचे आखूड हात त्या जखमेभोवती फिरत होते आणि मी तोंड फिरवून रडत होतो. तो किळसत नव्हता, घाईही करत नव्हता. म्हणाला, "रड. खूर चांगलं हाय तुझं."

पुढं सलग तीन स्मिअर स्वच्छ आले, म्हणजे काचेवर जंतू सापडले नाहीत. तोवर बाहेर रझाकारांची धामधूम सुरू झाली होती. गाड्या बंद, पत्रं बंद, त्यात आणखी एक वर्ष गेलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मला सुटी मिळाली.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. यांच्यापासून कुणालाही रोग लागणार नाही, असं लिहिलं होतं. मग विचारलं, "घरी पाय कोण बघणार?"

"बायको."

"त्यांची नजर चांगली आहे?"

"आहे," मी म्हणालो. पुन्हा तेच. टोचलं नव्हतं तिथं हो.

रूथला सुईत दोरा ओवायलाही शेजारीण लागायची. ती माझा तळवा हातानं चाचपायची आणि ठीक आहे म्हणायची. पंधरा दिवसांत जुन्या जखमेशेजारी नवा फोड आला आणि फुटला. तिच्या बोटाला ओल लागली तेव्हा तिला समजलं.

"मला दिसत न्हाय ओ," ती म्हणाली. "मी नुसती चाचपते. मास्तरांना सांगा, त्यांना चष्मा हाय."

"त्या माणसाला? माझी अब्रू घालवली त्यानं!"

"मग राग ठेवा की. पाय जाऊ द्या."

पाच वर्षं ती एकटी त्या वस्तीत राहिली होती. लोकांनी तिच्याशी काय केलं हे तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारायला घाबरलो.

पुढच्या रविवारी सुगीचा सण होता. मी गेलो आणि दाराशी, चपला काढतात तिथं बसलो. उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते, ज्याला सांगायचं आहे त्यानं उभं राहायचं. मी मनात सगळं जुळवून आलो होतो. आधी मास्तरांचा हिशेब चुकता करायचा, मग खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढायची. हुकमाचं पान शेवटी टाकावं तसं.

उभा राहिलो आणि ते सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. म्हणालो, "मला महारोग झाला होता. आता माझ्यापासून कुणाला लागत न्हाय, पण पायातलं मला कळत न्हाय. रूथला दिसत न्हाय. कुणीतरी रोज माझा तळवा बघायला पाहिजे." आणि काय करावं ते न सुचून भिंतीचा आधार घेऊन फडकं सोडलं आणि पाय दाखवला.

मग वस्तीतल्या इसाकची आई उठली, नातवंडांना गोळा करून म्हणाली, "लेकरं हायेत घरात, बाबा." ती गेली. तिच्यामागं आणखी एक घर गेलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी दिला होता.

शांतवन मास्तर पुढून उठून आले. पाच वर्षांत वाकले होते. माझ्यासमोर जमिनीवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "खाली बसा. पाय इकडं करा."

सगळ्या मंडळीसमोर त्यांनी पाय मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिलं. मग मान वर न करता म्हणाले, "ज्वारीचं कुसळ हाय आत. कुणाकडं टाचणी हाय का?"

एका बाईनं पदराची टाचणी काढून दिली. दुसरीनं चुलीवरचं गरम पाणी आणलं. कुसळ निघालं. मास्तरांनी ते उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाले, "आता उठा. लिलाव पुकारा. तुम्ही गेल्यापास्नं एवढा भोपळा आम्ही पाण्याच्या भावात विकतोय."

मी लिलाव पुकारला. आवाज फाटत होता, पण भोपळ्याचा भाव चांगला काढला.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मास्तर आमच्या ओट्यावर आले. पाय त्यांच्या मांडीवर असताना मी शेवटी विचारलंच, "तुम्ही गावाला का सांगितलं, मास्तर?"

"म्या एकालाच सांगितलं," त्यांनी बोट वर केलं. "रोज सांगत होतो. बाकी गावाला तुम्हीच सांगितलंत, याकोबराव. म्या फक्त हात भाजलाय म्हणालो होतो. महारोगी हा शब्द तुमचा."

मी आठवून पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं, कुठं फट सापडते का म्हणून. सापडली नाही. राग मात्र त्या दिवशीच गेला असं म्हणणार नाही. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एकदम कुठं टाकायची? थोडा थोडा करून गेला. क्वचित अजून येतो.

हाताची बोटं आत आवळत चाललीत, पण तब्येत ठीक झाल्यावर मी उमरग्याच्या बाजारात गेलो आणि बसप्पाला शोधलं. त्याला टाचणीची गोष्ट सांगितली. चार बोटं त्यानं दाबली होती आणि मला दोनच लागली, हे चार माणसांत मोठ्यानं सांगितलं. बसप्पा माझ्या वाकड्या बोटांकडं बघत राहिला. म्हणाला, "तम्मा, तेव्हा सांगितलं असतंस तर म्या डावा हात धरला असता की."

त्यानं त्या दिवशी माझा हात धरला नाही. त्याला भीती वाटली असावी, आणि मीही पुढं केला नाही. पण मला बसवून चहा पाजला. खोटारडा म्हणून मी फिरवलेलं त्याचं नाव मला परत साफ करता येणार नाही, पण दर बाजारी कुणी ना कुणी भेटतो आणि मी त्याला सांगतो. तेवढंच माझ्या हातात आहे.

आता या दुखण्यावर गोळ्या निघाल्या आहेत, एवढ्या सुया कुणाला सोसाव्या लागत नाहीत. तरी गेलेली जाण गोळ्यांनी परत येत नाही. मला बरं झालो असं वाटतं का? अंगातला रोग गेला. थकवा गेला नाही. इसाकच्या आईचं घर प्रार्थनाघरात अजून माझ्या शेजारी चटईवर बसत नाही, मागच्या भिंतीला टेकून बसतं. पण ते परत आले आहेत. मास्तर आजारी असले की वस्तीतलं दुसरं कुणी येतं. मागच्या महिन्यात इसाक आला. आईला न सांगता आला होता, की सांगून, मी विचारलं नाही. तळवा बघितला, ठीक आहे म्हणाला आणि गेला.

ज्यांच्या अंगावर चट्टा आहे, ज्यांना चुलीवरचं पातेलं गरम लागत नाही, त्यांनी डॉक्टरांकडं जावं. त्यांनी टोचलं की सावलीकडं, बाहीच्या आवाजाकडं लक्ष देऊ नये. अंदाज करू नये. तिथं जिंकून काही मिळत नाही.

आमच्या ओट्यावर अजून तीच वेळ ठरलेली आहे. मास्तर येतात, पाय मांडीवर घेतात, टाचणीचं बोथट टोक लावत विचारतात, "इथं कळतंय?"

मी डोळे मिटून घेतो. त्यांच्या बाहीची सळसळ मला अजून ऐकू येते.

"न्हाय, मास्तर," मी म्हणतो. "तुम्हीच बघा."